ठेकेदारही तेच, तपासनीसही तेच: न्यूयॉर्कमधलं एएआर प्रकरण

२३ डिसेंबर २००४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात फेडरल कोर्टाने एका बापलेकाला शिक्षा सुनावली. मुलगा अलेक्झांडर साल्वाग्नो याला २५ वर्षं, बाप राउल साल्वाग्नो याला साडेएकोणीस वर्षं. पर्यावरणाच्या गुन्ह्यासाठी इतकी मोठी शिक्षा अमेरिकेत तोवर कोणालाच झाली नव्हती. या दोघांनी नदीत विष सोडलं नव्हतं की तेलाचं जहाज फोडलं नव्हतं. त्यांची एएआर कॉन्ट्रॅक्टर ही कंपनी जुन्या इमारतींमधलं अ‍ॅस्बेस्टॉस हे उष्णता अडवणारं, पण श्वासातून गेलं तर घातक असं तंतुमय खनिज काढून देण्याचा धंदा करायची. म्हणजे लोकांना विषापासून वाचवणं हेच त्यांचं काम, आणि त्याचेच ते पैसे घेत.

सुमारे दहा वर्षांत या कंपनीने दीड हजारांहून जास्त ठिकाणी कामं केली. त्यात प्राथमिक शाळा होत्या, चर्च होती, हॉस्पिटलं होती, सैनिकांची घरं होती, लोकांची खासगी घरं होती. राज्याच्या विधिमंडळ कार्यालयांची इमारतसुद्धा त्यात होती. ज्या सरकारने या धंद्याचे नियम केले, त्याच सरकारच्या छपराखाली हे लोक काम करून गेले. पुढे तपासात निघालं की अ‍ॅस्बेस्टॉस नियम धाब्यावर बसवून उपटलं जात होतं, बऱ्याचदा अर्धवट काढून बाकीचं तिथेच सोडलं जात होतं, आणि "हवा स्वच्छ आहे" असे दाखले मात्र न चुकता मिळत होते.

दाखले देणारी प्रयोगशाळा होती अ‍ॅनालिटिकल लॅबोरेटरीज ऑफ अल्बनी. कागदोपत्री स्वतंत्र. प्रत्यक्षात तिची छुपी भागीदारी अलेक्झांडर साल्वाग्नोकडेच. या प्रयोगशाळेने नऊ वर्षांहून जास्त काळात ७५ हजारांपर्यंत नमुन्यांचे निकाल खोटे दिल्याचं कोर्टापुढे आलं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय!

शिक्षेच्या आकड्यामुळे हे प्रकरण गाजलं. मला मात्र त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. अमेरिकेत अ‍ॅस्बेस्टॉस ठेकेदारावर परवाना, कामगारांची ओळखपत्रं, कामाची पूर्वसूचना, दंड, परवाना निलंबन अशी चांगली भक्कम व्यवस्था आहे. एवढी सगळी व्यवस्था असताना हे दहा वर्षं चाललं कसं? आणि शेवटी ते थांबवायला परवाना खातं पुरं न पडता संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा का लागला?

काम कसं व्हायला हवं

आधी कामाचं स्वरूप पाहू, कारण सगळी बेइमानी त्यातच लपलेली आहे. वाफेच्या पाइपांवरचं वेष्टन, बॉयलरचं आवरण, तुळयांवर फवारलेला अग्निरोधक थर, जुन्या फरशा, या सगळ्यांत विसाव्या शतकातल्या इमारतींमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सापडतं. ते जागच्या जागी, न फुटता असेल तोवर फारसं त्रास देत नाही. खरवडलं, तोडलं की त्याचे तंतू हवेत जातात आणि तासन् तास तरंगत राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही. फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार उमटायला दहा-वीस वर्षं लागतात, मेसोथेलिओमाला तर चाळीस-पन्नाससुद्धा.

म्हणून नियमाप्रमाणे काम असं होतं: खोली जाड प्लास्टिकच्या थरांनी पूर्ण बंद करायची. सूक्ष्म गाळणीच्या पंख्यांनी आतली हवा सतत बाहेर ओढायची, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो आणि एखाद्या फटीतून हवा गेलीच तर आत जाते, बाहेर येत नाही. साबणासारखं द्रव्य मिसळलेल्या पाण्याने माल चिंब भिजवायचा, ओला असतानाच काढायचा, ओला असतानाच पिशव्यांत भरायचा, पिशव्या सीलबंद करून त्यावर धोक्याची चिठ्ठी लावायची. कामगाराने श्वसनमास्क आणि टाकाऊ सूट घालायचा. बाहेर येताना तीन खोल्यांमधून यायचं: पहिल्या खोलीत सूट काढायचा, मधल्या खोलीत मास्क तोंडावर तसाच ठेवून अंघोळ करायची, तिसऱ्या खोलीत स्वतःचे कपडे घालायचे. जेवायला बाहेर यायचं असेल तरी हेच सगळं, परत आत जाताना पुन्हा नवा सूट.

यातली प्रत्येक पायरी वेळ खाते, आणि ठेक्याच्या धंद्यात वेळ म्हणजे मजुरी. पाणी मारलं नाही, अंघोळीला वेळ दिला नाही, प्लास्टिक नीट लावलं नाही, तर आठवड्याचं काम दोन रात्रींत उरकतं. या धंद्यात त्याला "रिप अँड रन" म्हणतात: उपटा आणि पळा. एएआरच्या कामावर कामगारांना मास्क न लावता आत पाठवलं जायचं आणि कोरडं अ‍ॅस्बेस्टॉस उपटताना अक्षरशः बर्फ पडल्यासारखी धूळ उडायची, असं या खटल्यात पुढे आलं.

आता गंमत अशी की हे काम संपल्यावर चांगल्या आणि वाईट कामात डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. पाइप दोन्हीकडे उघडे. खोली दोन्हीकडे रिकामी. भिजवलं होतं की नाही याचा पुरावा कचऱ्याच्या खड्ड्यात गाडला गेलेला. मागे उरतो तो एकच साक्षीदार: हवेचा आकडा.

आकडा येतो कुठून

काम झाल्यावर प्लास्टिक उतरवण्याआधी हवेचे नमुने घ्यावे लागतात. पानं उडवायच्या यंत्राने भिंती, छत, कोपरे झोडपून बसलेली धूळ मुद्दाम हवेत उडवायची, पंखे चालू ठेवायचे, आणि मग पंपांनी हवा ओढायची. पंपाच्या नळीच्या टोकाला असते २५ मिलिमीटर व्यासाची एक गाळणी, बटणापेक्षा थोडीशी मोठी. मिनिटाला दहा लिटर या वेगाने दोन तास पंप चालला की सुमारे १,२०० लिटर हवा तिच्यातून जाते. मग प्रयोगशाळेत ती गाळणी पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि तंत्रज्ञ तंतू मोजतो. पाच मायक्रॉनपेक्षा लांब आणि जाडीच्या निदान तिप्पट लांबीचा असेल तोच तंतू धरायचा. न्यूयॉर्कमध्ये सर्वसाधारण मर्यादा आहे घन सेंटिमीटरमागे ०.०१ तंतू, म्हणजे लिटरभर हवेत दहा. शाळांसाठीचे फेडरल नियम आणखी कडक आहेत, तिथे मोठ्या कामांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी लागते.

साध्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रमाण पद्धतीत तंत्रज्ञ गाळणीवरची जास्तीत जास्त शंभर वर्तुळं पाहतो. प्रत्येक वर्तुळ ०.००७८५ चौरस मिलिमीटर. शंभर वर्तुळं मिळून पाऊण चौरस मिलिमीटरच्या जरा वर. गाळणीचा उपयोगी भाग असतो ३८५ चौरस मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ पाचशेव्या हिश्शावर नजर टाकून माणूस ठरवतो की उद्यापासून या वर्गात मुलांनी बसावं की नाही. शास्त्र म्हणून यात काही चूक नाही, नमुना पद्धत अशीच असते. पण हा आकडा किती प्रमाणात एका माणसाच्या प्रामाणिकपणावर उभा आहे ते लक्षात घ्या. पंप आत ठेवला की बाहेर, दोन तास चालला की दहा मिनिटं, वर्तुळं खरंच मोजली की टेबलावर बसून रकाना भरला, हे अहवाल वाचून कळत नाही. खोटा अहवाल खऱ्याइतकाच नीटनेटका असतो. किंबहुना जास्तच नीटनेटका असतो, कारण खऱ्या कामावर कधी पंप बंद पडतो, कधी गाळणी धुळीने भरून मोजण्याजोगी राहत नाही, कधी एखादा नमुना नापास होऊन खोली पुन्हा धुवावी लागते.

पद्धतीत याला उतारा ठेवलेला आहे. मोजलेल्या गाळण्यांपैकी दहा टक्के गाळण्या तंत्रज्ञाने आधीचा आकडा न पाहता पुन्हा मोजायच्या असतात. पण ही फेरमोजणी त्याच प्रयोगशाळेत होते. चूक पकडायला ती चांगली, लबाडी पकडायला बिनकामाची.

म्हणून कायद्याने खरा भरवसा टाकला तो वेगळेपणावर. न्यूयॉर्कच्या कामगार खात्याचा कोड रूल ५६ नावाचा नियमसंग्रह आहे. हवा तपासणारी कंपनी ठेकेदारापासून स्वतंत्र असली पाहिजे हे तत्त्व त्यात पक्कं आहे. एएआर प्रकरणात नेमकं हेच आतून पोखरलं गेलं. आणि ते पोखरलं गेल्यावर बाकीची सगळी व्यवस्था चालू असूनही आंधळी झाली. पूर्वसूचना वेळेवर जात होत्या, कामं संपत होती, फायली पूर्ण होत होत्या. फाइल पूर्ण असली की कार्यालय समाधानी असतं, मग ते जगातलं कुठलंही कार्यालय असो.

शिस्तीच्या पायऱ्या

अमेरिकेतल्या अ‍ॅस्बेस्टॉस ठेकेदाराला एकाच वेळी तीन-चार साहेब असतात, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी छडी.

सर्वांत खालची छडी ओळखपत्राची. १९८६ च्या शाळांसाठीच्या अ‍ॅस्बेस्टॉस कायद्यातून प्रशिक्षण आणि मान्यतेची देशव्यापी चौकट आली, १९९० च्या दुरुस्तीने ती सार्वजनिक आणि व्यापारी इमारतींनाही लागू झाली. कामगाराला चार दिवसांचं प्रशिक्षण, सुपरवायझरला पाच दिवसांचं, मग दरवर्षी उजळणी. तपासनीस, व्यवस्थापन आराखडा करणारा आणि कामाची रचना करणारा यांच्यासाठी वेगळे वर्ग. मान्यता काढून घ्यायची किमान कारणं या चौकटीत लिहिलेली आहेत: मान्यतेची मूळ आणि चालू प्रमाणपत्रं जवळ नसताना कामावर असणं, स्वतःच्या प्रमाणपत्राची नक्कल दुसऱ्याला करू किंवा वापरू देणं, ज्या कामाची मान्यता नाही ते करणं, आणि मान्यता नसलेल्या संस्थेकडून प्रशिक्षण घेणं. ही चारही कारणं वाचून पाहा. चारही कागदाशी संबंधित आहेत. कोरडं उपटणारा, पण खिशात कार्ड असलेला माणूस या यादीत बसत नाही. त्याच्यासाठी राज्याला आपले नियम वापरावे लागतात.

दुसरी छडी राज्याची. न्यूयॉर्कमध्ये कंपनीला कामगार खात्याचा अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणीचा परवाना लागतो, प्रत्येक माणसाला त्याच्या कामाचं प्रमाणपत्र लागतं. मोठं काम, म्हणजे २६० फूट लांबीचं किंवा १६० चौरस फुटांचं, सुरू करायच्या दहा दिवस आधी कळवावं लागतं. प्रयोगशाळेची मान्यता वेगळ्या खात्याकडे, आरोग्य खात्याकडे. नियमभंग झाला तर दंड करता येतो आणि तो कराराच्या किमतीच्या टक्क्यांत मोजता येतो, ही या कायद्यातली शहाणपणाची गोष्ट आहे. काम थांबवता येतं, परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो.

तिसरी छडी कामगार सुरक्षेच्या फेडरल खात्याची, ओशाची. कामगाराच्या श्वासाजवळच्या हवेत आठ तासांच्या सरासरीने घन सेंटिमीटरमागे ०.१ तंतूपेक्षा जास्त असता कामा नये, ही मर्यादा १९९४ पासून आहे. जाणूनबुजून केलेल्या नियमभंगाला त्या काळी जास्तीत जास्त ७० हजार डॉलर दंड होता, गंभीर पण जाणूनबुजून नसलेल्याला सात हजार.

चौथी, स्वच्छ हवा कायद्याची. पाडकाम आणि दुरुस्तीच्या वेळी अ‍ॅस्बेस्टॉस ओलं करूनच काढायचं, दृश्य धूळ बाहेर जाऊ द्यायची नाही, प्रशिक्षित माणूस जागेवर हवा, हे सगळं याच कायद्याखाली येतं. दिवाणी दंड मूळ कायद्यात दर दिवशी, दर नियमभंगाला २५ हजार डॉलरपर्यंत. महागाईनुसार वाढत आज तो लाखाच्या पुढे गेला आहे. जाणूनबुजून केलेल्या नियमभंगाला पाच वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास दुप्पट. शिवाय गुन्हा सिद्ध झाला की ज्या आस्थापनेत तो घडला तिला फेडरल सरकारची कंत्राटं बंद.

कागदावर पाहिलं तर कुठल्याही ठेकेदाराला घाम फुटावा अशी ही यादी आहे.

दंडाचा हिशोब

घाम फुटत नाही, कारण ठेकेदार यादी वाचत नाही, हिशोब मांडतो. समजा एक लाख डॉलरचं काम आहे आणि नियम गुंडाळून ठेवले तर चाळीस हजार वाचतात. समजा अशा वीस कामांपैकी एक पकडलं जातं आणि त्यावर पन्नास हजार दंड होतो. (आकडे मानलेले आहेत, हिशोबाची रीत तेवढी पाहा.) वीस कामांत वाचले आठ लाख, दंड गेला पन्नास हजार. उरलेले साडेसात लाख ठेकेदाराच्या खिशात, आणि शिवाय त्याची निविदा प्रामाणिक ठेकेदारापेक्षा कमी असल्याने पुढचं कामही त्यालाच. पाच-सहा वर्षांत प्रामाणिक माणूस एकतर धंदा सोडतो किंवा तोही पाणी मारणं सोडतो.

फेडरल पर्यावरण खात्याला हे कळत नाही असं नाही. त्यांच्या दंडाच्या धोरणात दोन भाग वेगळे मोजतात: नियम मोडून झालेला आर्थिक फायदा, आणि त्यावर गुन्ह्याच्या गांभीर्याची रक्कम. फायदा तरी पूर्ण काढून घ्यायचाच, हा विचार त्यामागे आहे. पण फायदा काढून घेतला जातो तो पकडलेल्या कामाचा. न पकडलेल्या एकोणीस कामांचा हिशोब कोण करणार? आणि साल्वाग्नोंकडे तर पकडले जाण्याची शक्यता कमी करणारं यंत्रच होतं. प्रयोगशाळा हातात असल्यावर विसातलं ते एक कामही कागदावर स्वच्छच निघणार.

म्हणून या धंद्यात खरी भीती वाटावी अशी एकच गोष्ट उरते, परवाना जाणं. दंड नफ्यातून भरता येतो, परवाना गेला की नफाच संपतो. असं असूनही परवाना रद्द करणं हे हत्यार बोथट का पडतं, याची कारणं या प्रकरणापुरती नाहीत, कुठल्याही परवान्याच्या धंद्यात तीच आहेत. रद्द करायचा तर नोटीस द्यावी लागते, सुनावणी घ्यावी लागते, ठेकेदाराला वकील लावता येतो, अपील करता येतं. हे योग्यच आहे, कोणाची रोजीरोटी अधिकाऱ्याच्या लहरीवर जाऊ नये. पण त्या महिन्यांत कामं चालू राहतात. परवाना कंपनीच्या नावावर असतो, आणि कंपनी म्हणजे एक नाव. मेहुण्याच्या नावाने दुसरी काढली की तेच पंप, तीच गाडी, तीच माणसं. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे रद्द करायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून खात्याकडे असतो तो ठेकेदारानेच पाठवलेला कागद.

त्यामुळे खात्याची छडी बहुतेक वेळा कोणाच्या पाठीवर पडते? कार्ड घरी विसरलेल्या, मुदत संपलेलं कार्ड घेऊन आलेल्या, मास्क गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या कामगाराच्या. तो जागेवर सापडतो. मालक सापडत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि निरुपयोगीही, कारण मास्क लावला तर वेळ जातो म्हणून ओरडणारा सुपरवायझर त्याच्या डोक्यावर बसलेला असतो आणि कार्ड गेलेल्या कामगाराच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा कामगार येतो.

एएआरचे कामगार या कहाणीत दोनदा भरडले गेले. एकदा धुळीत, आणि नंतर वाट पाहण्यात. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार होण्याची दाट शक्यता आहे असं शिक्षेच्या वेळी कोर्टापुढे मांडलं गेलं. शाळेच्या मालकाला नवीन ठेकेदार आणून खोली पुन्हा साफ करता येते. फुप्फुस पुन्हा साफ करणारा ठेकेदार नसतो.

टोळीचा कायदा का लागला

सरकारी वकिलांनी या प्रकरणाकडे दीड हजार वेगवेगळ्या नियमभंगांची थप्पी म्हणून पाहिलं नाही. ठेकेदार कंपनी आणि प्रयोगशाळा मिळून एक गुन्हेगारी उद्योग चालवला गेला, असा आरोप ठेवला. टपालातून खोटी बिलं आणि खोटे अहवाल पाठवून फसवणूक, पैशांची फिरवाफिरव, तपासात अडथळे, असे गुन्हे एका सूत्रात ओवले आणि रिको हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावला. माफिया टोळ्यांसाठी १९७० मध्ये झालेला हा कायदा. त्यात एका आरोपाला वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गुन्ह्यातून आलेली कमाई जप्त करता येते. स्वच्छ हवा कायद्याच्या एका आरोपाला पाच वर्षं. त्याच्याशी ताडून पाहिलं की हे पाऊल का उचललं ते कळतं.

खटला पाच महिन्यांच्या आसपास चालला आणि मार्च २००४ मध्ये ज्यूरीने दोघांना दोषी ठरवलं. कंपनीतल्या अनेक सुपरवायझरांनी त्याआधीच गुन्हा कबूल केला होता. खरं तर खटला उभा राहिला तोच या माणसांवर, कागद तर सगळे आरोपींच्या बाजूने बोलत होते. प्रत्येक खोलीसाठी एक स्वच्छ आकडा फायलीत होता. तो आकडा खोटा आहे हे सांगायला तिथे काम केलेला माणूसच लागला.

शिक्षेसोबत मुलाला वीस लाख डॉलरहून जास्त रक्कम सरकारजमा करायचा हुकूम झाला, आणि नुकसानभरपाई दोघांच्याही अंगावर सुमारे दोन कोटी तीस लाख डॉलरची. हे पैसे ज्यांच्या इमारती होत्या त्यांच्यासाठी. अर्थात हुकूम होणं आणि पैसे हातात पडणं यांत अंतर असतं, आणि इमारत पुन्हा तपासायचा, पुन्हा साफ करायचा खर्च तोवर थांबत नाही.

मोठ्या शिक्षेने धंद्यात दरारा बसला का? न्यूयॉर्क शहरातल्या एका तपासनिसाने २०१० मध्ये कबूल केलं की त्याने दोनशेहून जास्त इमारतींचे अ‍ॅस्बेस्टॉसचे अहवाल तपासणी न करताच दिले होते. साल्वाग्नोंची शिक्षा झाली त्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं होत होती. यावरून शिक्षा वाया गेली असं मी म्हणणार नाही; पण एवढं दिसतं की लबाडीची जागा तीच आहे, तपासणाऱ्याची सही.

उलट बाजूचं उदाहरणही त्याच परिसरात आहे आणि ते सांगणं भाग आहे. सिराक्यूजमधल्याच हवा तपासणाऱ्या एका कंपनीला आणि तिच्या लोकांना ज्यूरीने दोषी ठरवलं होतं. २०१४ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला. खटल्यात झालेल्या चुका एकत्र धरता आरोपींना न्याय्य खटला मिळाला नाही, असं कोर्टाचं म्हणणं. हे प्रकरण आणि एएआर एकाच मापाने मोजू नये. पण यातून कळतं की फौजदारी रस्ता किती खर्चिक, किती लांबचा आणि किती निसरडा आहे. रोजच्या शिस्तीसाठी तो नव्हेच. रोजची शिस्त परवाना खात्यालाच लावावी लागणार, आणि ती लागायची तर त्याच्याकडे ठेकेदाराने पाठवलेल्या कागदापलीकडचं काहीतरी हवं.

मग काय हवं

माझ्या मते दंडाची रक्कम वाढवण्यावर जो भर दिला जातो तो चुकीच्या ठिकाणी आहे. दंड न पकडलेल्या कामाला लागत नाही. पकडण्याची शक्यता वाढवायची तर तीन गोष्टींना हात घालावा लागेल, आणि त्यातली पहिली सर्वांत महत्त्वाची: हवा तपासणाऱ्याचे पैसे ठेकेदाराच्या हातून जाता कामा नयेत. करार इमारतीच्या मालकाशी, बिल मालकाला, अहवाल मालकाला आणि खात्याला एकाच वेळी. नमुना नापास झाला तर ज्याचं काम लांबतं, त्याच्याच खिशातून तपासणाऱ्याचा पगार निघत असेल तर छुपी भागीदारी नसली तरी साटंलोटं व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी, मालकी उघड करायची सक्ती. ठेकेदाराचा परवाना आणि प्रयोगशाळेची मान्यता वेगवेगळ्या खात्यांकडे असते. दोन्ही अर्जांत मालक, भागीदार, कर्ज देणारे, जवळचे नातेवाईक यांची नावं घेऊन ती एकमेकांशी ताडली, तर साल्वाग्नोंसारखी भागीदारी निदान लपवायला अवघड होते, आणि लपवलीच तर अर्जातली ती एक खोटी ओळ परवाना रद्द करायला पुरेशी ठरते. हवेतले तंतू सिद्ध करण्यापेक्षा ते सोपं. तसंच परवाना रद्द झाला तर तो माणसांना चिकटला पाहिजे, नुसत्या कंपनीच्या नावाला नाही.

तिसरी, फेरमोजणी दुसऱ्याकडून. गाळण्या टिकतात. काचपट्टीवर चढवलेला नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवून पुन्हा मोजता येतो. शंभरातल्या पाच काचपट्ट्या खात्याने स्वतः चिठ्ठी टाकून उचलल्या आणि बाहेर मोजून घेतल्या, तरी टेबलावर बसून रकाने भरणाऱ्याला काचपट्टीच दाखवता येणार नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू आणि कापसाचा तंतू यांत फरक करता येत नाही, म्हणून थोडे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही जावेत. हे महाग आहे, पण सगळे नमुने थोडेच पाठवायचे आहेत?

आणि तपासनिसाने जायची वेळ बदलायला हवी. पूर्वसूचनेत दिलेल्या वेळेत गेलं की सगळे मास्क लावून उभे असतात. रिप अँड रन करणारे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी करतात. जागेवर गेल्यावर पाहायच्या गोष्टीही साध्या आहेत. पाण्याचा नळ जोडलेला आहे का, अंघोळीच्या खोलीची फरशी ओली आहे का, भरलेल्या पिशवीच्या आत बाष्प धरलेलं दिसतं का, वापरलेल्या सुटांची संख्या हजेरीपटाशी जुळते का. दिवसभरात दहा माणसं तीन वेळा आत-बाहेर झाली असतील तर कचऱ्यात तीसेक सूट हवेत. दहाच असतील तर एकतर कोणी जेवायला बाहेर आलं नाही, किंवा सगळे तोच धुळीचा सूट घालून जेवले.

इमारतीच्या मालकालाही यातलं बरंच काही स्वतः करता येतं, परवाना खात्याची वाट न पाहता. ठेकेदाराने सुचवलेली प्रयोगशाळा घेऊ नये. प्रत्येक नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातात दिला, किती वाजता, याची साखळी नोंद मागावी. पंप सुरू आणि बंद झाल्याच्या वेळा हजेरीपटाशी ताडून पाहाव्यात; एकच माणूस त्याच तासात दोन इमारतींत पंपाजवळ उभा असल्याचं दिसलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही. आणि मोठ्या कामात सगळे नमुने पहिल्याच फेरीत पास झाले, एकही पंप बंद पडला नाही, एकही गाळणी बाद झाली नाही, असा अहवाल हातात आला तर बिल लगेच चुकतं करू नये. काचपट्ट्या मागवून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवाव्यात, आणि तिथला आकडा येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून धरावा.